ते पाणी पिऊ नकोस

चिरंजीव,
सप्रेम सलाम.

नोव्हेंबरातल्या स्मरणाच्या उपासनेत युद्धात पडलेल्यांविषयी तू बोलावेस असे पाळकसाहेबांनी सांगितले आणि ‘वैऱ्यांवर प्रीती करा’ असे सांगणाऱ्या प्रभूच्या मंडळीत बंदूकधाऱ्याचा गौरव कोणत्या तोंडाने करावा या विचाराने तू दोनदा भाषण लिहून फाडलेस, हे कळले. फाडलेस ते बरेच केलेस.

दुसरे शमुवेल, 23वा अध्याय काढ. दावीद अदुल्लामच्या गुहेत आहे, बेथलेहेमात पलिष्ट्यांचे ठाणे बसले आहे, आणि त्याला आपल्या गावच्या वेशीजवळच्या विहिरीच्या पाण्याची ओढ लागते. तिघे वीर छावणी फोडून ते पाणी आणतात; पण तो ओठाला न लावता परमेश्वरापुढे ओततो. जिवावर उदार झालेल्यांचे हे रक्तच मी पिऊ काय, असे विचारतो. जिथे 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मराठवाड्यात वाढलेल्या तुला त्या ओतण्याची किंमत मी सांगायला नको.

हुतात्म्यांचे बलिदान आपल्या पिण्यासाठी नाही. आपण ते फार सहज पितो. कुणी त्यावर निवडणूक लढवतो, कुणी टाळ्या मिळवतो. आणि आपण ख्रिस्ती लोक ‘आमचीही माणसे पडली’ असे म्हणत त्यातून स्वतःच्या देशभक्तीचा दाखला काढून घेतो. तुझ्या पत्रातही ते वाक्य आहे. कुणाला पटवायचे आहे तुला? ते वाक्य खोड.

मी हे अधिकाराने लिहीत नाही. कारगिलच्या वर्षी मी याच व्यासपीठावरून अर्धा तास बोललो. सैनिकाच्या मरणाला थेट क्रुसाशेजारी नेऊन उभे केले, ‘वीर’ हा शब्द किती वेळा उच्चारला याची गणती नाही. तिसऱ्या बाकावर एक आई बसली होती. तिचा मुलगा त्याच्या काही वर्षे आधी सीमेवरच्या अशा एका चकमकीत पडला होता, जिला नावसुद्धा नव्हते. दाराशी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “सर, बोललात छान. पण माझ्या लेकराचं नाव नाही घेतलंत.” मला आदल्या रात्री सांगण्यात आले होते, तयारीला वेळ नव्हता, हे खरे, पण नावांची चिठ्ठी माझ्या बायबलातच घडी करून ठेवलेली होती, हेही खरे. त्या दिवशी ते पाणी मी घटाघटा प्यायलो.

तेव्हा क्रुसाशी तुलना नको. इब्री लोकांस लिहिलेले पत्र ख्रिस्ताचे अर्पण एकदाच झाले असे सांगते, आणि शिपायाला मरायचे नसते, त्याला सुटीवर घरी यायचे असते. योहानाच्या 15व्या अध्यायातले मित्रांसाठी प्राण देण्याचे वचन स्मारकांवर कोरतात. ते वाचशील तर पुढचे वचनही वाच, कारण तिथे प्रभू आज्ञा पाळायला सांगतो.

वैऱ्याचे विचारतोस? आपल्या जालना जिल्ह्यातच आसई आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी तिथे केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात इंग्रज-मराठा लढाई झाली, तीत कंपनीचे शिपाईही पडले आणि शिंद्यांचेही. यांतला वैरी कोण, हे तू मला सांग. दावीदाने तर जिवावर उठलेल्या शौलासाठीही विलाप केला.

नावे वाच. भाषण कमी कर आणि नावे वाच, सावकाश, गावासकट. खडकीच्या युद्धस्मशानात सगळे दगड एकाच मापाचे आहेत, अधिकाऱ्याचा मोठा आणि शिपायाचा लहान असे नाही. पश्चिम आणि मध्य भारतातल्या ज्या कबरींची कायमची निगा राखण्याची खात्री देता येत नव्हती, त्या तिथे हलवल्या गेल्या. ती लाज थोडी आपलीही आहे. राष्ट्रकुलाच्या अशा स्मशानांत ज्याची ओळख पटली नाही त्याच्या दगडावर, तो देवाला ठाऊक आहे, एवढेच कोरलेले असते. तुझ्या यादीत असा कोणी असेल तर तेवढेच म्हण आणि थांब.

शनिवारी कबरस्थानात ये. गाजरगवत उपटून झाले आहे, अक्षरांतले शेवाळ तेवढे राहिले आहे. काथ्याच्या घासण्या माझ्याकडे आहेत. पाण्याचे दोन कॅन तू आण, कारण तिथला हापसा उन्हाळ्यापासून कोरडा आहे.

तुझा,
सर