सॉल्ट लेक स्टेडियमची आसनक्षमता एवढी कमी का झाली?

कोलकात्याचे सॉल्ट लेक स्टेडियम, म्हणजेच विवेकानंद युवा भारती क्रीडांगण, १९८४ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या फुटबॉल क्लबांचे मोठे सामने ईडन गार्डन्सवरही होत असत आणि तिथेच १६ ऑगस्ट १९८० रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षकांना प्राण गमवावे लागले, हे या शहराच्या फुटबॉलविषयी बोलताना विसरता येत नाही.

नव्या स्टेडियमची क्षमता सुमारे १ लाख २० हजार होती. मात्र १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला त्याहूनही अधिक, सुमारे १ लाख ३१ हजार प्रेक्षक आले होते. बायचुंग भुतियाच्या हॅटट्रिकच्या बळावर ईस्ट बंगालने तो सामना ४-१ असा जिंकला. भारतीय फुटबॉलमधील याहून भव्य दिवस मला तरी ठाऊक नाही.

क्षमता घटण्याचे मुख्य कारण २०१७ ची सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा हे आहे. तिच्यासाठी बाकांच्या जागी प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची देण्यात आली, त्यामुळे आसने सत्तर हजारांच्या आत आली. अंतिम सामन्यात इंग्लंडने स्पेनला ५-२ असे हरवले, तो याच नूतनीकृत मैदानावर.