मैदानावरची हरळी : खत किती, कधी आणि कसं?

प्रश्न : शाळेच्या फुटबॉल मैदानावर हरळी आहे. जूनअखेर दोन पोती युरिया हाताने फोकला. आठवड्याभरात करपलेले पट्टे दिसू लागले आणि मध्ये मध्ये गडद हिरवे झुपके. युरिया खराब होता का? (क्रीडाशिक्षक, सातारा)

युरिया चांगलाच होता, हिशेब चुकला. खत पोत्यांत मोजू नका. चौरस मीटरला नत्र किती पडलं ते मोजा. 105 बाय 68 मीटरचं मैदान म्हणजे 7140 चौरस मीटर. 45 किलोच्या पोत्यात 46 टक्के नत्र, म्हणजे 20.7 किलो. एक पोतं सारखं पसरलं तर चौरस मीटरला साधारण 3 ग्रॅम नत्र मिळतं. वाढीच्या दिवसांत हरळीला महिन्याला अडीच ते पाच ग्रॅम पुरतं आणि एका वेळी पाचच्या वर जाऊच नये. तुम्ही पावणेसहाच्या आसपास दिलंत. शाळेचं मैदान पूर्ण मापाहून लहान असेल, तर त्याहूनही जास्त. त्यात मूठ जिथे पडली तिथे तिप्पट आणि शेजारी काहीच नाही. पट्टे त्याचेच.

पुढच्या वेळी मैदानाचे दोरीने आठ-दहा पट्टे पाडा आणि प्रत्येक पट्ट्याचं खत वेगळं तोलून ठेवा. त्याचे दोन भाग करा : एक भाग लांबीच्या दिशेने चालत टाका, दुसरा रुंदीच्या. तेवढीच कोरडी वाळू मिसळली की हात सारखा चालतो. पण मिसळण अगदी आयत्या वेळी करा, युरिया ओल धरतो. पानं कोरडी हवीत. दव असताना दाणे पानाला चिकटतात आणि तिथेच करपवतात.

टाकल्यावर लगेच आठ-दहा मिलिमीटर पाणी द्या, म्हणजे चौरस मीटरला आठ-दहा लिटर. तुषार सिंचन असेल तर चार-पाच ठिकाणी सरळ कडांचे डबे ठेवून पाणी पट्टीने मोजा. ओलसर, तापलेल्या मातीवर उघडा पडलेला युरिया अमोनिया होऊन हवेत जातो. मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर मात्र थांबा, सगळं वाहून जाईल.

करपलेल्या पट्ट्यांना दोन-तीन दिवस भरपूर पाणी द्या. हरळीचे जमिनीखालचे धुमारे सहसा जिवंत असतात. नवे कोंब दिसेपर्यंत तिथे खत नको.

प्रश्न : क्रिकेट मैदानाची जमीन काळी आहे. युरिया देऊनही गवत पिवळं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. (सोलापूर)

ही खूण नत्राची नाही, लोहाची आहे. नत्र कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं पिवळी पडतात, कारण गवत त्यातलं नत्र काढून शेंड्याला देतं. लोह असं हलत नाही, म्हणून नवं पान उपाशी राहतं. चुनखडीच्या, आठच्या आसपास सामू (पीएच) असलेल्या जमिनीत लोह भरपूर असूनही मुळांना मिळत नाही. अशा वेळी युरिया वाढवला की वाढ जोरात होते आणि पिवळेपणाही वाढतो.

दहा लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून 100 चौरस मीटरवर संध्याकाळी फवारा; पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. हिराकस मातीत टाकणं म्हणजे पैसे पुरणं, चुनखडी त्याला लगेच बांधून टाकते. नत्रासाठी युरियाऐवजी अमोनियम सल्फेट घ्या. ते मुळांलगतची माती थोडी आम्लधर्मी करतं. त्यात नत्र साधारण 20.5 टक्केच, म्हणून 3 ग्रॅमसाठी सुमारे 15 ग्रॅम टाकावं लागतं. तेही करपवतं, तेव्हा पाणी तितकंच काटेकोर हवं. जिप्सम टाकून सामू उतरेल असं अनेक जण सांगतात. चोपण, म्हणजे सोडियम साचलेल्या जमिनीत त्याचा उपयोग आहे, पण नुसत्या चुनखडीवर नाही.

एक मात्र आधी तपासा : माती वाफशावर येते का, म्हणजे जादा पाणी निचरून तिच्यात हवा खेळते का? सतत चिबड राहिलेल्या मैदानात मुळं गुदमरतात आणि पानं अशीच दिसतात. तिथे आधी निचरा करा, पोकळ दातांच्या यंत्राने भोकं पाडा, फवारणी नंतर.

प्रश्न : रासायनिक खताऐवजी शेणखत चालेल का? (कोल्हापूर)

पूर्ण कुजलेलं, चाळलेलं असेल तर चालेल. वाळूत मिसळून 3 ते 5 मिलिमीटरचाच थर द्या. 1000 चौरस मीटरला 3 ते 5 घनमीटर मिश्रण लागतं. ताजं शेण नको. त्यातून गाजरगवत येतं आणि हुमणी ही मातीतली अळीही. हुमणीने मुळं खाल्लेली हरळी गालिच्यासारखी उचलून येते. अशा जागी धावता खेळाडू पडतो.

प्रश्न : जानेवारीत स्पर्धा आहे. डिसेंबरात जादा खत देऊन मैदान हिरवं होईल का? (नाशिक)

नाही. रात्री पारा दहा अंशांकडे उतरला की हरळी मंदावते आणि दिलेलं नत्र बरंचसं वाया जातं. शेवटचं नत्र ऑक्टोबरात द्या. सोबत चौरस मीटरला 6 ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश द्या. माती परीक्षणात पालाश (पोटॅश) कमी असेल तर बुटांखाली तुडवलेलं गवत सावरायला त्याचाच आधार होतो. रंगासाठी सामन्याच्या चार-पाच दिवस आधी वर सांगितलेली हिराकसाची फवारणी करा. आदल्या दिवशी नको, पांढऱ्या कपड्यांवर पडलेले डाग निघत नाहीत.