नाव झाकलं, तेरावं उघडं पडलं

“ऑफिसच्या त्रासाबद्दल टोपणनावाने लिहिते. कोणाचं नाव घेत नाही, कंपनीचंही नाही. पण आता भीती वाटतेय. सगळं डिलीट करून टाकू का?”

ऐरोलीच्या एका आयटी पार्कमध्ये विमा दाव्यांचं काम करणाऱ्या, कळव्याला राहणाऱ्या तिशीच्या आतल्या तरुणीचा हा प्रश्न. ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यात नोकरी करणारे बरेच जण थोड्याफार फरकाने हेच विचारतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तिचा मूळ त्रास रोस्टरचा, म्हणजे शिफ्टच्या वेळापत्रकाचा. शुक्रवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर रोस्टर यायचं आणि सोमवारची शिफ्ट रविवारी दुपारी फिरायची. परतीच्या ठाणे लोकलमध्ये ती फोनवर लिहायची. एके दिवशी तिने लिहिलं, “टीएलच्या (टीम लीडरच्या) वाढदिवसाला शिफ्ट संपल्यावर सगळ्यांनी थांबायचं, केक खायचा. आजीच्या तेराव्याची रजा मागितली तर म्हणे, पितृपक्षात घे की, तेव्हा काम कमी असतं.” हे खूप जणांना आवडलं, पुढे ढकललं गेलं आणि फिरत फिरत टीमच्या ग्रुपवर आलं. खाली कोणीतरी विचारलं, “हे आपल्याकडचंच वाक्य वाटतंय ना?” तिनेही एक हसरा चेहरा टाकला आणि वॉशरूममध्ये जाऊन बसली.

माणसं अशीच ओळखली जातात. नाव, हुद्दा, कंपनी सगळं लपवलं तरी पितृपक्षाचं ते वाक्य प्रत्यक्ष ऐकणारे चारच जण होते. जो प्रसंग सांगताना सगळ्यात जास्त दाद मिळते, तोच सगळ्यात जास्त ओळखू येतो. निनावी लिखाणाची ही मोठी गोची आहे. तांत्रिक चुका त्यानंतर येतात, पण येतात. ऑफिसच्या लॅपटॉपवरून किंवा वायफायवरून खातं उघडणं, खात्याला रोजचा मोबाइल नंबर जोडणं आणि संपर्कयादी वाचायची परवानगी देणं (मग सहकाऱ्यालाच तुमचं पान सुचवलं जाऊ शकतं), शिफ्ट सुटल्यावर दर वेळी ठरावीक वेळेला पोस्ट टाकणं.

पहिलं काम घाबरून काही न करण्याचं होतं. डिलीट केल्याने लोकांकडचे स्क्रीनशॉट जात नाहीत, आणि चौकशी सुरू झालेली असेल तर घाईने पुसणं अंगाशी येऊ शकतं. म्हणून आधी सगळ्या लिखाणाची प्रत घरच्या कॉम्प्युटरवर काढली, मग पान सगळ्यांना दिसेनासं केलं. ग्रुपवर खुलासा नाही, “कोणी लिहिलं असेल?” अशी चाचपणीही नाही. नेमणूकपत्रातली गोपनीयतेची आणि सोशल मीडियाची कलमं नीट वाचली. बोलावणं आलंच तर तिथल्या तिथे कबुलीवर किंवा राजीनाम्यावर सही करायची नाही. आरोप लेखी मागायचा, उत्तराला वेळ मागायचा. वकिलाच्या खर्चाची चिंता तिला होती. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळू शकते, हे तिला माहीत नव्हतं. बहुतेकींना नसतं.

खरं काम नंतरचं. तिच्या दहा पोस्टची प्रिंट काढून दोन रंगांच्या पेन्सिली दिल्या. घडलेल्या गोष्टीखाली निळी रेघ, माणसाला लावलेल्या विशेषणाखाली लाल. सुरुवातीच्या पोस्ट जवळजवळ निळ्या होत्या, शेवटच्या तीन लालच लाल. वाचणारे वाढले तसा राग धारदार झाला, आणि झोप कमी होत गेली. लिहून मोकळं वाटायचं ते पहिली प्रतिक्रिया येईपर्यंतच. मग रात्री एक वाजेपर्यंत उत्तरं देत तोच प्रसंग पुन्हा पुन्हा जगायचा. याला मन मोकळं करणं म्हणत नाहीत, चघळणं म्हणतात.

लिहिण्याचा फायदा होतो, यात शंका नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी ओळीने चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहिलं होतं. लिहून झाल्या झाल्या त्यांना बरं वाटलं नव्हतं, उलट मन जड झालं होतं. फायदा पुढच्या महिन्यांत दिसला. तिलाही तेच दिलं: वहीत, चार दिवस, १५ मिनिटं, कोणाला दाखवायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही. झोपायच्या तोंडावर नको, म्हणून रजेच्या आठवड्यातल्या सकाळी ठरल्या. “कारण”, “तेव्हा कळलं” असे शब्द येऊ लागले तर गाडी पुढे सरकतेय. चौथ्या दिवशीही पहिल्या दिवसाचीच वाक्यं उतरत असतील, किंवा लिहिताना धडधड आवरत नसेल, तर थांबायचं आणि समोर बसून बोलायचं. तिच्या वहीत तिसऱ्या दिवशी टीएल मागे पडला आणि आजी आली.

दुसरी वही नोंदींची: तारीख, वेळ, काय घडलं, समोर कोण होतं, त्याचा कामावर काय परिणाम झाला. विशेषण एकही नाही. इथे एक घोडचूक हमखास होते, ती म्हणजे पुरावा म्हणून ऑफिसचे मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवणं किंवा स्क्रीनचा फोटो काढणं. तिच्या स्क्रीनवर रुग्णांची नावं आणि आजार असायचे. तसा एक फोटो सापडला तर रोस्टरची तक्रार बाजूला राहते आणि चौकशी तिचीच होते. मेलची तारीख आणि विषय लिहून ठेवला की पुरे.

सहा आठवड्यांच्या नोंदींवरून तिने एचआरला पाच ओळींचा मेल केला: शिफ्ट इतक्या वेळा, इतक्या कमी वेळात बदलली, निदान सात दिवस आधी रोस्टर मिळावं. मिळाले तीन दिवस. टीएल तोच आहे, आणि ती दुसरी नोकरीही बघतेय.

पुन्हा लिहायचंच असेल तर प्रसंग ताजा असताना नको. काही महिने जाऊ द्यावेत, दोन-तीन ठिकाणचे अनुभव एकत्र करावेत, ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं घेऊ नये. गिऱ्हाइकाबद्दल चकार शब्द नको. “खरं तेच लिहिलंय” एवढ्याने बदनामीच्या फौजदारी तक्रारीतून सुटका होतेच असं नाही. ते लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं.

त्रास लैंगिक स्वरूपाचा असेल तर मात्र निनावी लिहिण्यात दिवस घालवूच नयेत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करावी लागते; सबळ कारण असेल तर तक्रार ऐकणारी समिती आणखी तीन महिने देऊ शकते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान ऑफिस असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार दिल्यावर तक्रारदाराची ओळख आणि चौकशीतला मजकूर प्रसिद्ध करायला कायद्याने मनाई आहे, त्यामुळे टोपणनावाचं पानही त्या दिवसापासून बंद ठेवायचं.