बोटातल्या थेंबावर किडनीची टेस्ट : मशीन घ्यायची का?

प्रश्न : सर, नमस्कार. हिंगणा रोडला माझं छोटंसं क्लिनिक आहे. बीपी-शुगरचेच पेशंट जास्त, एमआयडीसीतले कामगार आणि आजूबाजूच्या खेड्यातली मंडळी. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची टेस्ट) लिहून दिलं की अर्धे लोक लॅबमध्ये जातच नाहीत, पुढच्या वेळी विचारलं तर "विसरलो न डॉक्टर" म्हणतात. आता एक कंपनीवाला मागे लागून राहिला आहे, बोटातून रक्त घेऊन तिथल्या तिथे क्रिएटिनिन सांगणारी मशीन, मशीन फुकट, फक्त दर महिन्याला ठरलेल्या स्ट्रिप्स घ्यायच्या म्हणतो. घेऊ का? आणि घ्यायची तर काय पाहून घ्यायची?
– एक फॅमिली डॉक्टर, नागपूर

उत्तर : डॉक्टर साहेब, पहिले हे सांगा, आकडा हाती आल्यावर तुम्ही त्याचं करणार काय? शुगरचं मेटफॉर्मिन द्यायचं की थांबवायचं, पेशंटला नेफ्रॉलॉजिस्टकडे (किडनीच्या डॉक्टरकडे) पाठवायचं की नाही, मेडिकलमधून आणून रोज गिळत असलेली डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी बंद करायची का, हे त्याच वेळी ठरवायचं असेल आणि पेशंट परत येईल याचा भरवसा नसेल तर मशीनला अर्थ आहे. तुमच्याकडे तसा अर्थ आहे असं मला वाटते. पण लॅब कायमची बंद करायला म्हणून घेत असाल तर नका घेऊ.

कारण सांगतो. 60 वर्षांची बाई घ्या. क्रिएटिनिन 1.0 आलं तर 2021 च्या सीकेडी-ईपीआय फॉर्म्युल्याने ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) साधारण 64, आणि 1.2 आलं तर 52. फक्त 0.2 चा फरक, पण तिचा ईजीएफआर 60 या धोक्याच्या रेषेच्या वरून खाली आला. आणि बोटाच्या रक्तावर चालणाऱ्या छोट्या मशीनमध्ये एवढा फरक पडूच शकतो. म्हणून मशीनवर गडबड दिसली की शिरेतलं रक्त काढून लॅबला पाठवायचं, आणि तीन महिने टिकून असल्याशिवाय क्रॉनिक किडनी डिसीज (किडनीचा जुनाट आजार) असं कागदावर लिहायचं नाही. आपल्याकडे तर मे महिन्यात पेशंट येतो तोच उन्हातून वाळून, किंवा आदल्या रात्री सावजीचं मटण हाणून, दोन्हीनं क्रिएटिनिन वर जाते. पाणी पाजून, चार-आठ दिवसांनी परत करा.

आता कोणती घ्यायची. नाव पाहून ठरवू नका, माहितीपत्रक मागा आणि त्यात पहिले तापमान शोधा. उदाहरण म्हणून आय-स्टॅट घ्या, दोनेक मिनिटांत उत्तर देते, पण ती 16 ते 30 डिग्रीतच चालवायची असते आणि तिची कार्ट्रिज (रक्त टाकायची छोटी डबी) 2 ते 8 डिग्रीत फ्रिजमध्ये, बाहेर काढली की दोन आठवड्यांत संपवा. स्टॅटसेन्सर म्हणून दुसरी आहे, तिला 1.2 मायक्रोलिटर रक्त पुरते आणि अर्ध्या मिनिटात आकडा येतो. नागपुरात 45 डिग्रीचा उन्हाळा आणि क्लिनिकमध्ये कूलर, मग आय-स्टॅटची ही 30 ची अट कोण पाळणार? मी स्वतः एका मशीनचा डेमो मे महिन्यात घेतला होता, बाहेरच्या टेबलवर तिने आकडाच दाखवला नाही, थर्मामीटरचं चिन्ह दाखवून गप्प. एसी केबिनमध्ये नेली, वीस मिनिटं ठेवली, तेव्हा कुठे चालली. त्याच आठवड्यात आमच्या कंपाउंडरनं स्ट्रिप्सची डबी झाकण न लावता कूलरसमोर ठेवली, दमट हवा लागली, अख्खी डबी फेकावी लागली. स्ट्रिप किती नाजूक असते ते तेव्हा कळलं.

दुसरी गोष्ट खास आपल्या विदर्भातली. तुमच्याकडे सिकलसेलचे पेशंट येत असतीलच, त्यातले कितीतरी हायड्रॉक्सीयुरियावर असतात. आय-स्टॅटवर या औषधामुळे क्रिएटिनिन खोटंच वाढलेलं दिसू शकते, हे कंपनीनेच सांगून ठेवलं आहे. अशा पेशंटचं रक्त सरळ लॅबला पाठवा. बाकी मशीनबद्दलही हा प्रश्न कंपनीवाल्याला विचारा, तो गोंधळला तर लेखी उत्तर मागा.

लॅबशी ताडून पाहायचं असेल तर पहिले लॅबवाल्याला विचारा की तुम्ही क्रिएटिनिन जॅफे पद्धतीनं मोजता का एन्झायमॅटिक, या दोन वेगळ्या पद्धती आहेत. जॅफेमध्ये कीटोन, काही अँटिबायोटिक्स अशा गोष्टींनी आकडा हलतो, मग दोष मशीनचा की लॅबचा हेच कळत नाही. एकच लॅब धरा, वीसेक पेशंटचं त्याच वेळी बोटातलं आणि शिरेतलं, दोन्ही करा, वहीत समोरासमोर लिहा. बोट टोचताना हात धुऊन कोरडा झालेला पाहिजे आणि थेंबासाठी बोट पिळायचं नाही, ही गोष्ट कंपाउंडरला दहादा सांगा, पिळलं की आतला पाणचट द्रव मिसळतो.

फुकट मशीनचं गणित असं करा. डबीत 25 स्ट्रिप्स, तुम्ही वापरल्या 11, बाकीच्या तारखेबाहेर गेल्या, तर एक स्ट्रिप तुम्हाला छापील भावाच्या सव्वादोनपट पडली. म्हणून मागच्या तीन महिन्यांत तुम्ही खरंच किती क्रिएटिनिन लिहिल्या ते मोजा, महिन्याची सरासरी काढा आणि तिच्या निम्म्याचाच करार करा, ठरलेल्याहून जास्त घ्यायची सक्ती असेल तर सही करू नका.

आणि एक, मशीनच्या नादात लघवी विसरू नका. शुगरच्या पेशंटमध्ये क्रिएटिनिन नॉर्मल असतानाच लघवीत अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) येऊ लागते, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो 30 मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर गेला की लक्ष द्यायची वेळ झाली. डबी दिली की पेशंट तिथेच लघवी देऊन जातो, त्याला कुठे जावं लागत नाही, निदान दरवर्षी करा. मी तर म्हणेन पहिले हेच सुरू करा, दोन-तीन महिने पाहा, मग मशीनचा विचार करा. तोवर उन्हाळा लागला असेल तर उत्तमच, कंपनीवाल्याला सांगा की मशीन आठ दिवस तुमच्या क्लिनिकमध्येच ठेवून दाखव, एसी केबिनमध्ये नाही, जिथे कंपाउंडर बसतो तिथे.