नर्सच्या नाइट ड्युटीचा हृदयावर खरंच परिणाम होतो का?

तुमची पत्नी परळला स्टाफ नर्स, घर बदलापूरला, महिन्यातून दोन आठवडे नाइट, दिवसा जेमतेम चार तास झोप आणि हल्ली अधूनमधून धडधड. इन्चार्ज सिस्टर म्हणतात "सवय झाली की काही होत नाही", ते खरं का, असं तुम्ही विचारलंय.

खरं नाही. सवय होते ती जागं राहण्याची. शरीराचं घड्याळ वर्षानुवर्षं नाइट करूनही बहुतेकांचं पूर्ण उलटत नाही, कारण ड्युटी सुटल्यावर सकाळचं ऊन अंगावर घेतच घरी यावं लागतं. रात्रीच्या झोपेत बीपी दिवसापेक्षा 10 ते 20 टक्के उतरतं, हृदयाला तेवढीच उसंत. तुटक झोपेत ही उतरण नीट होत नाही. अमेरिकेतल्या सुमारे 1 लाख 89 हजार नर्सेसचा 24 वर्षांचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. फिरत्या (कधी दिवस, कधी रात्र अशा) नाइटची वर्षं वाढली तसा हृदयविकाराचा धोकाही वाढलेला दिसला. थोडाच, पण वाढलेला.

माझं भांडण मात्र नाइटशी नाही, ड्युटी लिस्टशी आहे. अजूनही कित्येक वॉर्डांत रात्र, मग दुपार, मग सकाळ असा उलटा क्रम लावतात. "नाइट आधी उरकून टाका" हे त्यामागचं शास्त्र! दुपारची ड्युटी रात्री 9 ला सुटते, हँडओव्हर देऊन निघेपर्यंत साडेनऊ. बदलापूरच्या घरी पोचायला साडेअकरा. सकाळी 7 ला वॉर्डात हजर व्हायचं तर साडेचारला उठायला हवं. जेवण, आंघोळ धरून झोप उरली चार तास, आणि यात नाइट कुठेच नाही. क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकवला की प्रत्येक बदलाला झोपेची एक अख्खी रात्र मिळते. शरीराचं घड्याळ 24 तासांपेक्षा किंचित लांब असतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं त्याला सोपं, अलीकडे ओढणं अवघड. यात एकही माणूस जास्त लागत नाही. तरी हे सांगायला गेलं की "आमच्या वेळी आम्ही केलंच ना" हेच ऐकायला मिळतं.

नाइटच्या आठवड्यात सात तास एकसलग मिळणार नाहीत, तेव्हा दोन तुकडे करा: घरी पोचल्यावर पाच तास आणि संध्याकाळी निघण्याआधी दीड तास. खिडकीला काळा कार्डपेपर लावा, पडद्याने भागत नाही. बेल बंद. सिलेंडरवाला, कुरिअर, सोसायटीची वर्गणी शेजारी सोपवा. आणि दुपारी "जेवलीस का?" म्हणून फोन तुम्हीच करत असाल तर तो आधी बंद करा.

मुख्य जेवण ड्युटीआधी. मध्यरात्रीनंतर साखर पचवायची ताकद कमी असते, तेव्हा वॉर्डातला वडापाव आणि बिस्किटं नकोत. भूक लागलीच तर उकडलेलं अंडं किंवा मूठभर चणे. शेवटचा चहा पहाटे 3 च्या आत, कारण पाच-सहा तासांनीही निम्मं कॅफीन अंगात असतं. जोडीदार सिस्टर लक्ष ठेवणार असेल तर 2 ते 4 मध्ये वीस मिनिटं डोळा लावावा, पण उठल्यावर पंधरा मिनिटं इंजेक्शन भरू नये, डोस मोजू नये. तेव्हा डोकं जागेवर नसतं. ट्रॉलीतल्या अल्प्राझोलमच्या (झोप आणणाऱ्या) गोळीवर झोपायची सवय तर अजिबात नको.

बीपी नाइटवरून आल्याआल्या मोजू नका. उठल्यावर, चहाआधी, पाच मिनिटं शांत बसून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. घरी सरासरी 135/85 किंवा जास्त येत राहिली तर डॉक्टर गाठा. त्यांनी 24 तासांचं बीपी मशीन लावलं तर झोपेची खरी वेळ लिहून द्या. बऱ्याच मशीनमध्ये रात्री 10 ते 6 हीच झोप धरलेली असते. सकाळी 10 ला झोपणाऱ्या नर्सचा रिपोर्ट मग "रात्री बीपी उतरत नाही" असा येतो आणि गोळी वाढते. धडधडीसाठी होल्टर (दिवसभर ईसीजी टिपत राहणारं छोटं यंत्र) लावायचा तर नाइट असलेल्या दिवशीच लावा, सुट्टीच्या दिवशी त्यात काही सापडेलच असं नाही.

एक राहिलं. धडधड म्हणजे नाइटच असं नाही. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड आधी तपासा. घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा दम लागला तर हे उत्तर वाचत न बसता ईसीजी काढा. आणि वरचा अभ्यास एकत्र दिसणाऱ्या गोष्टी दाखवतो, तुमच्या पत्नीचं भविष्य सांगत नाही.

लिस्टचा क्रम बदलण्यासाठी मात्र तोंडी बोलू नका. चार-पाच जणींच्या सह्यांचा अर्ज मेट्रनकडे द्या, दोन ड्युट्यांमध्ये किमान अकरा तास मागा आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या लिस्टपर्यंतसुद्धा टिकत नाही.