पूर्वग्रह: आधीच धरलेला माणूस

अमळनेरचे एक वाचक विचारतात: "मी सातपुड्याच्या पायथ्याची एक रहस्यकथा लिहिली. चोरी होते आणि गाव थेट पारध्यांच्या पालांवर जातं. मित्र म्हणाला, हा तुझा पूर्वाग्रह. शब्द बरोबर आहे का? आणि आरोप?"

पूर्वग्रह हो, पूर्वग्रह! हिंदी बातम्या ऐकून हा 'आ' मराठीत घुसलाय. आग्रह आमच्या खान्देशात भरताच्या पंगतीला होतो; तोही पान वाढल्यावर, आधी नाही.

खरी गंमत 'ग्रह्' या धातूत आहे. अर्थ एकच, धरणे. पाणिग्रहणात हात धरायचा, ग्रहणात राहूने चंद्र धरायचा. शनीसुद्धा माणसाला धरतो म्हणूनच ग्रह. ग्राहक म्हणजे घेणारा, तोच झिजून आपलं गिऱ्हाईक. एक जाणकार दर वेळी ऐकवतात की पूर्वग्रह हे 'प्रेज्युडिस'चं भाषांतर. असेलही. पण त्या शब्दाच्या लॅटिन मुळात निवाडा आहे; नुसतं भाषांतर असतं तर 'पूर्वनिर्णय' झालं असतं. आपल्या शब्दात निवाड्याची भानगडच नाही. आधी माणूस धरा, गुन्हा मागाहून बघू.

ही कोटी नाही. उत्तरेत १८७१ साली आलेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ साली आपल्या बाजूलाही लागू करता येईल असा झाला. त्यात जमातच्या जमात नोंदवायची आणि पोलिसांच्या हजेरीला बांधायची. देशभर तो रद्द झाला १९५२ साली. त्यातून सुटलेल्या जमातींना 'विमुक्त' म्हणतात, तो शब्द तिथला. आणि याच खान्देशात, सरकार ज्यांना लुटारू म्हणे त्या भिल्लांचीच पलटण औट्रम या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८२५ साली धरणगावात उभी केली होती!

पारधी म्हणजे तर नुसता शिकारी. संस्कृतात शिकार करण्याला 'पापर्द्धि', प्राकृतात 'पारद्धि', त्यातून आपली पारध. शब्दातलं 'पाप' कधीच झिजून गेलं, तरी लोक ते पुन्हा चिकटवतात.

हां, तुमचा आरोप राहिलाच. गाव पालांवर जातं, हा गावाचा पूर्वग्रह. तो बेलाशक लिहा. पण तुमचा फौजदारही दुसरीकडे कुठे न बघता शेवटच्या पानावर तिथल्याच कुणाला बेड्या घालत असेल, तर मित्राचा फक्त 'आ' चुकला.