क्षमा मिळाली, मग मान वर का होत नाही?

प्रश्न : मी सोलापूरच्या पूर्व भागातला. तरुणपणी यंत्रमाग कारखान्यात कामाला होतो आणि आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी माझ्याकडे होती. त्यातल्या बहुतेकजणी विड्या वळणाऱ्या. मटक्याच्या नादात त्यांचे जवळपास ४० हजार रुपये मी घालवले आणि एका रात्री इचलकरंजीला पळून गेलो. तिथे एका सोबत्यामुळे प्रभूची ओळख झाली, बाप्तिस्मा घेतला, मटकाही सुटला. पुढे आईच्या आजारपणामुळे सोलापूरला परतलो. मंडळीत मला मान आहे. पण जुन्या गल्लीतली कोणी बाजारात दिसली की मी रस्ता बदलतो. प्रभुभोजनाची वेळ आली की मागच्या दाराने निघून जातो. मुलीचे लग्न ठरत आले आहे आणि हे सगळे बाहेर येईल या भीतीने झोप लागत नाही. ‘झाले गेले विसरून जा,’ असे एका प्रचारकांनी सांगितले, पण ते जमत नाही. देवाने क्षमा केली असेल तर ही लाज का जात नाही? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : विसरून जाणे तुम्हाला जमत नाही याचे मला वाईट वाटत नाही, उलट बरेच वाटते, कारण ज्यांचे पैसे बुडाले त्या विसरलेल्या नाहीत. तुमच्या मनात दोष आणि लाज एकत्र गुंतली आहेत, ती आधी वेगळी करून पाहू. दोषाचा निवाडा देवापुढे होतो आणि जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही, असे पौल रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात कोणतीही अट न घालता लिहितो. त्यावर तुम्ही विश्वास ठेवला आहे आणि त्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. लाज मात्र माणसाच्या नजरेला नजर देता न येण्यात असते, आणि ज्या नजरा तुम्ही आजवर टाळत आलात त्यांच्यासमोर तिचा निकाल लागायचा राहिला आहे. एदेन बागेत आदामाने पहिली गोष्ट केली ती लपण्याची; देवाने त्याला ‘तू कोठे आहेस?’ असे विचारले ते त्याला बाहेर काढण्यासाठी. तुम्ही प्रभूजवळ आलात, पण सोलापूरच्या त्या गल्लीपुरते अजून झाडाआडच आहात.

या बाबतीत येशूला धरून देणारा शिष्य यहूदा आणि त्याची ओळख नाकारणारा शिष्य पेत्र यांच्या गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात, असे मला फार वाटते. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात यहूदाला पस्तावा झाला, त्याने चांदीची तीस नाणी परत नेली आणि ‘निर्दोष रक्त धरून देऊन मी पाप केले’ असे स्पष्ट शब्दांत कबूल केले. म्हणजे कबुली होती आणि भरपाईही होती. पण ज्यांच्याकडे तो गेला त्या मुख्य याजकांनी ‘त्याचे आम्हाला काय? तुझे तू पाहा’ म्हणून त्याला वाटेला लावले, आणि तो एकटा निघून गेला. पेत्राचा गुन्हाही लहान नव्हता. त्याने ओळख नाकारली ती तीन वेळा, तीही अंगणात शेकोटीजवळ, लोकांदेखत. पण तो बाकीच्या शिष्यांना सोडून गेला नाही. त्यांच्यातच राहिला, त्यांच्याबरोबरच मासे धरायला गेला. पुढे किनाऱ्यावर प्रभूने कोळशाचा विस्तव पेटवून ठेवला होता, त्याच्याजवळ पेत्राला जेवू घातले आणि इतरांच्या उपस्थितीत तीन वेळा विचारले, ‘तू माझ्यावर प्रीती करतोस काय?’ जुनी आठवण टाळायची असती तर प्रभूने विस्तवही टाळला असता आणि तीन वेळा विचारणेही टाळले असते. त्याने पेत्राला त्याच जागी परत नेले आणि तिथेच मेंढरे चारण्याचे काम सोपवले. यहूदाची गोष्ट आपण केवळ विश्वासघाताची म्हणून सांगतो. पण पस्तावलेल्या माणसाला ‘तुझे तू पाहा’ म्हणणाऱ्या धर्मपुढाऱ्यांचीही ती गोष्ट आहे आणि आपल्या मंडळ्यांनी ती त्या बाजूनेही ऐकायला हवी.

म्हणून तुमचे पहिले पाऊल असे असावे, की हे सारे एका माणसाला तोंडी सांगावे. याकोबाने एकमेकांजवळ पापे कबूल करायला सांगितले आहे. भर उपासनेत ध्वनिक्षेपकावर सांगायला सांगितलेले नाही. तुमचे पाळक किंवा ज्यांच्या पोटात गोष्ट राहते असे वडीलधारे कोणी निवडा. काही ठिकाणी भूतकाळ जितका काळा तितकी साक्ष जोरदार, अशी समजूत रुजली आहे आणि ती मला घातक वाटते, कारण तिथे ज्यांचे नुकसान झाले त्यांची नावे आणि दुःखे दुसऱ्याच्या साक्षीचा मसाला होऊन बसतात.

दुसरे पाऊल पैशांचे. श्रीमंत जकातदार जक्कयाची गोष्ट लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात क्रमाने वाचा. तो उंबराच्या झाडावर असतानाच प्रभूने सगळ्या गर्दीसमोर त्याला नावाने हाक मारली आणि आज तुझ्या घरी उतरायचे आहे म्हणून सांगितले. लोक कुरकुरले ते प्रभूवर, की हा पापी माणसाच्या घरी पाहुणा गेला. जक्कयाने अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे बोलून दाखवले ते त्यानंतर. परतफेडीने त्याला स्वीकार विकत घ्यावा लागला नाही. तो आधीच स्वीकारला गेला होता, म्हणून त्याचा हात सैल सुटला. तुम्हालाही याच क्रमाने जायचे आहे. एका वहीत आठवतील तेवढी नावे आणि प्रत्येकीच्या नावापुढे रक्कम लिहा. पैसे वसुलीच्या दिवाणी दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते, त्यामुळे कोर्टाच्या हिशेबात हे देणे कदाचित केव्हाच संपले असेल; देवाच्या हिशेबात ते संपलेले नाही. गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात अशा प्रसंगी मूळ रकमेवर पाचवा हिस्सा अधिक घालून द्यावा आणि घेणारा हयात नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला द्यावे, अशी व्यवस्था सांगितली आहे. आजच्या काळात पाचवा हिस्सासुद्धा कमीच. त्या बायका सूप मांडीवर घेऊन, कात्रीने पान मापात कापून, तंबाखू भरून, दोऱ्याने तोंड बांधून दिवसभर विड्या वळत. मजुरी हजारावर, आणि कारखान्यात छाटणीत वगळलेल्या विड्यांचे काही मिळत नसे. त्या मजुरीतून बाजूला काढलेला पैसा कोणाच्या मुलीच्या शाळेचा असेल, कोणाच्या बाळंतपणाचा असेल. तुम्ही त्यांच्या दारात जाल तेव्हा हे तुमच्या बोलण्यात आले पाहिजे. ‘देवाने मला क्षमा केली’ हे वाक्य मात्र तिथे उच्चारू नका, निदान त्या विचारीपर्यंत. एकरकमी जमणार नसेल तर हप्ते ठरवा आणि तारीख चुकवू नका. पाळकांना किंवा मंडळीतल्या एखाद्या ज्येष्ठ बाईंना बरोबर न्या, म्हणजे समोरच्यांनाही बोलणे सोपे जाईल. कोणी शिव्या देईल, कोणी दार लावून घेईल. तो त्यांचा हक्क आहे. त्यांनी क्षमा करावी अशी अपेक्षा धरून जाऊ नये.

शिव्या ऐकूनही मनुष्य उभा कसा राहतो, याचे उत्तर ख्रिस्ती विश्वासाकडे आहे आणि ते वधस्तंभात आहे. रोमी राज्यात ही शिक्षा मुख्यतः गुलाम आणि बंडखोर यांच्यासाठी होती, ती येत्याजात्या लोकांसमोर दिली जाई, आणि मरणाइतकाच अपमान हाही तिचा हेतू असे. प्रभूची वस्त्रे सैनिकांनी वाटून घेतली, येणारेजाणारे डोकी हलवून त्याची निंदा करत होते. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात म्हटले आहे की त्याने लज्जा तुच्छ मानून वधस्तंभ सोसला. तुमच्या पापाची शिक्षा त्याने घेतली हे तुम्ही ऐकलेच आहे. तुमची चारचौघांतली नाचक्कीही त्याने अंगावर घेतली आहे, हे मात्र फार क्वचित सांगितले जाते. त्या दारात तुम्हाला जो अपमान सोसावा लागेल त्यात तुमच्या आधी तो उभा राहून गेला आहे.

प्रभुभोजनाविषयी थोडक्यात. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात माणसाने स्वतःची परीक्षा करावी असे सांगून लगेच ‘मग त्या भाकरीतून खावे’ असे म्हटले आहे. परीक्षेचा शेवट मागच्या दाराने जाण्यात नाही. डोंगरावरील प्रवचनातही वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असे सांगितल्यावर ‘मग येऊन अर्पण कर’ असे शब्द आहेत. वही तयार झाली आणि पहिल्या दारात जाऊन आलात की त्या रविवारी पुढे जा. सगळे देणे फिटेपर्यंत थांबू नका.

मुलीला मात्र इतरांच्या आधी सांगा, तुमच्या तोंडून आणि पत्नी जवळ असताना. ‘तुझ्या लग्नासाठी लपवले’ असा भार तिच्यावर टाकू नका. मग साखरपुड्याच्या आधी तिच्या संमतीने मुलाकडच्यांना दोन वाक्यांत सांगा : काय केले आणि आता काय फेडतो आहे. सोलापुरात पूर्व भागातली गोष्ट लग्नघरी पोहोचायला वेळ लागत नाही. ती तुमच्याकडून गेली तर त्यांच्यासमोर तुमचा शब्द उरेल. स्थळ मोडले तर दुःख होईल, आणि ते मी हलके करून सांगणार नाही. पण लपवून जुळलेल्या नात्यात तुमची मुलगी रोज त्याच भीतीत नांदेल, ज्या भीतीने आज तुम्हाला झोप येत नाही.

प्रश्न : लहानपणी जवळच्या एका नातेवाइकाने माझ्याशी वाईट कृत्य केले. आज मी नोकरी करते, चर्चला जाते, तरीही स्वतःची किळस वाटते. प्रार्थनासभेत एका ताईंजवळ बोलले तर ‘तूही पश्चात्ताप कर, त्याला क्षमा कर आणि विषय संपव,’ असे त्या म्हणाल्या. नाताळला त्याच घरी सगळे जमतात आणि आईचा आग्रह असतो. मी काय करू? — एक भगिनी, सोलापूर

उत्तर : या बाबतीत तुम्ही पश्चात्ताप करण्यासारखे काहीही नाही. वरच्या पत्रातली लाज त्या गृहस्थांच्या स्वतःच्या कृत्यातून आली आहे. तुमची लाज दुसऱ्याच्या कृत्यातून तुमच्यावर टाकली गेली आहे. दोन्हींना एकच औषध देणे हा अन्याय आहे. दुसऱ्या शमुवेलाच्या तेराव्या अध्यायात तामारेवर तिच्या सावत्र भावाने अत्याचार केला. त्याआधी तिने ‘मी आपली लाज घेऊन कोठे जाऊ?’ असे विचारले होते. शास्त्रात कुठेही तिला दोष दिलेला नाही. तिच्या सख्ख्या भावाने तिला गप्प राहायला सांगितले, बाप दावीद रागावला पण त्याने काही केले नाही, आणि या गप्प बसण्याचे परिणाम त्या घराण्याला पुढे रक्तपातापर्यंत भोगावे लागले. लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणे बरे, हे शब्द खुद्द प्रभूचे आहेत.

निरपराध माणसांवर लाज कशी लादली जाते, हे सोलापूरला नव्याने सांगायला नको. १८७१ च्या कायद्याने संपूर्ण जमातीच जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, आपल्या शहरात सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणात त्यांना हजेरी द्यावी लागली, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाल्यानंतरही तो शिक्का कितीतरी घरांनी सोसला. तो शिक्का खोटा होता. तुमच्यावरचाही खोटा आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तेव्हा समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनींचे काम त्यांनी पाहिले, विहिरीजवळ येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचली, आणि ख्रिस्ताकडे त्या ओढल्या गेल्या त्यात या अनुभवाचा मोठा वाटा होता. पुढे सोलापूर-पुणे रेल्वेमार्गावरच्या केडगावला त्यांनी मुक्ती मिशनमध्ये अशा स्त्रियांसाठी कृपासदन उघडले. आधी निवारा, अन्न आणि सन्मान, मग बाकीचे, हा त्यांचा मार्ग आपल्या प्रार्थनासभांनी उचलावा.

क्षमा हा तुमच्या आणि देवाच्या मधला दीर्घ प्रवास आहे. त्याची तारीख दुसऱ्या कोणी ठरवू नये, आणि क्षमा केली म्हणून गप्प राहणे किंवा त्या माणसाला भेटत राहणे बंधनकारक होत नाही. तक्रार करायची की नाही हा निर्णयही तुमचाच; आधी एखाद्या वकील बाईंचा सल्ला घ्या. त्या घरात आज लहान मुले असतील तर मात्र त्यांच्या आईवडिलांना सावध करणे टाळू नये. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. किळस, दचकून जाग येणे, जीव नकोसा होणे असे काही होत असेल तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येते, आणि समुपदेशकाकडे जाणे म्हणजे विश्वास कमी असणे नव्हे. नाताळला त्या घरी जाऊ नका. आईला सगळे सांगण्याची तयारी आज नसेल तर ‘मी त्या घरी येणार नाही, नाताळची उपासना झाल्यावर आपल्या घरी तुझ्यासोबत जेवेन’ एवढेच सांगा, आणि त्या दिवशी एखाद्या विश्वासू मैत्रिणीला आपल्या घरी जेवायला बोलवा.